शेवटच्या बाकावरचा चषक

नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात बांगलादेशने भारताला फुटबॉलमध्ये १-० असे हरवले. त्याच्या महिनाभर आधी गोव्यात सिंगापूरने २-१ असे हरवले होते आणि २०२७ च्या आशियाई चषकात भारत खेळणार नाही हे तिथेच ठरले होते. अशी बातमी आली की आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, १४० कोटींच्या देशात अकरा खेळाडू सापडत नाहीत का? दुसरे, क्रिकेटने सगळे खेळ खाल्ले. दोन्हींत थोडेफार तथ्य असेलही, पण ताजिकिस्तान आपल्या पुढे कसा गेला याचे उत्तर त्या दोन्हींत मिळत नाही.

ताजिकिस्तानची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या आपल्या पाच जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी १२ लाख होती. म्हणजे माणसांच्या हिशेबाने आपला वऱ्हाड हा एक ताजिकिस्तानच आहे. तो देश १९९२ ते १९९७ अशी पाच वर्षे यादवी युद्धात होरपळला. तरीही जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या आशियाई चषकात तो पहिल्यांदाच उतरला आणि संयुक्त अरब अमिरातीला पेनल्टीत हरवून थेट उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचला. त्याच स्पर्धेत भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही.

हे कसे झाले याची अनेक कारणे असतील. त्यातले एक कारण आपल्याकडे कुणी फारसे सांगत नाही, आणि अकोल्यातल्या शाळेच्या मैदानाशी त्याचाच सर्वात जवळचा संबंध आहे, असे मला वाटते. ते कारण म्हणजे एएफसी प्रेसिडेंट्स कप नावाची, आता बंद पडलेली एक स्पर्धा.

साधारण वीस वर्षांपूर्वी आशियाई फुटबॉल महासंघाने आपल्या सदस्य देशांचे तीन गट पाडले. जपान, कोरिया, सौदी अरेबिया, इराण असे देश ‘परिपक्व’. त्यांचे क्लब चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणार. मधला गट ‘विकसनशील’. त्यांच्यासाठी २००४ पासून एएफसी कप. सर्वात खालचा गट ‘उदयोन्मुख’. त्यांच्या देशातल्या विजेत्या क्लबांसाठी २००५ पासून प्रेसिडेंट्स कप. पहिली स्पर्धा काठमांडूत झाली. नेपाळ, भूतान, श्रीलंका, पाकिस्तान, कंबोडिया, तैवान, किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान या आठ देशांचे आठ क्लब आले. पुढे बांगलादेश, म्यानमार, तुर्कमेनिस्तान, पॅलेस्टाईन, मंगोलिया, उत्तर कोरिया असे देशही त्यात आले.

या क्लबांची नावे वाचली की गंमत वाटते. पाकिस्तानचा पहिला संघ ‘वापडा’, म्हणजे तिथल्या पाणी आणि वीज विभागाचा. तैवानचा ‘ताइपॉवर’ वीज कंपनीचा. भूतानचा ‘ट्रान्सपोर्ट युनायटेड’. नेपाळचा ‘महेंद्र पोलीस क्लब’ २००७ मध्ये लाहोरला अंतिम सामन्यापर्यंत गेला. ताइपॉवरने २०११ मध्ये चषकच जिंकला. पारसच्या औष्णिक वीज केंद्रातल्या कामगारांचा संघ एखाद्या आशियाई चषकावर नाव कोरतो, अशी कल्पना करून पाहा. हसू येईल. पण तैवानमध्ये ते खरे झाले.

आता ताजिकिस्तानचा प्रवास पाहा. पहिला चषक रेगार-तदाझ या ताजिक क्लबने जिंकला. २००८ आणि २००९ मध्येही त्यानेच जिंकला. मधली दोन वर्षे किर्गिझस्तानच्या दोर्दोईने नेली. २०१२ मध्ये दुशान्बेच्या इस्तिक्लोलने चषक घेतला. त्यानंतर ताजिक क्लबांना वरच्या पायरीवर, म्हणजे एएफसी कपमध्ये, घेण्यात आले. तिथे इस्तिक्लोल २०१५ आणि २०१७ अशा दोन वेळा अंतिम फेरीत पोहोचला. दोन्ही वेळा एका गोलने हरला, पण पोहोचला. मग तो सर्वात वरच्या पायरीवर गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये त्याने सौदी अरेबियाच्या अल-हिलालला ४-१ असे हरवले. अल-हिलाल म्हणजे आशियातला सर्वात श्रीमंत आणि यशस्वी क्लबांपैकी एक. तिसऱ्या दर्जाच्या स्पर्धेतला चषक ते अल-हिलालवर विजय, हा प्रवास नऊ वर्षांचा आहे. उर्दू शिकवणारा माणूस म्हणून मला त्या क्लबचे नावही आवडते. ताजिक भाषेत इस्तिक्लोल म्हणजे स्वातंत्र्य. आपल्या उर्दूत ‘इस्तिक़लाल’ म्हणजे ठामपणा, चिकाटी. दोन्ही अर्थ या क्लबला शोभतात.

२०१२ च्या त्या अंतिम सामन्यात इस्तिक्लोलसमोर कोण होते, हेही सांगायला हवे. पॅलेस्टाईनचा अल-अमारी युवा केंद्राचा संघ. अल-अमारी ही रामल्लाजवळची निर्वासितांची छावणी आहे, १९४९ पासूनची. ज्यांच्या नावावर घर नाही, ज्यांना शेजारच्या गावी जायलाही चौक्या ओलांडाव्या लागतात, त्या वस्तीतली पोरे दुशान्बेला जाऊन आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना खेळली आणि २-१ अशी थोडक्यात हरली. पॅलेस्टाईनबद्दल आपण हळहळतो, दुआ करतो, मोर्चे काढतो. तिथल्या छावणीत फुटबॉलचा क्लब आहे, त्याचे सामने होतात आणि तो देशाचा विजेता होऊ शकतो, ही गोष्ट मात्र आपल्या चर्चेत कधी येत नाही.

भारत या प्रेसिडेंट्स कपमध्ये कधीच खेळला नाही, कारण आपण मधल्या गटात होतो. तिथे आपले काय झाले? गोव्याचा डेम्पो २००८ मध्ये आणि कोलकात्याचा ईस्ट बंगाल २०१३ मध्ये उपान्त्य फेरीपर्यंत गेला. २०१६ मध्ये बंगळुरू एफसी दोह्यात अंतिम सामना खेळला आणि इराकच्या हवाई दलाच्या संघाकडून १-० असा हरला. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये देशाचा विजेता झाला, २००७ मध्ये एएफसी कपच्या उपान्त्यपूर्व फेरीत गेला आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. पुणे एफसी २०१४ मध्ये एएफसी कपमध्ये खेळला आणि पुढच्या वर्षी तोही संपला. त्याच्यानंतरचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला. मुंबई सिटी आहे. एप्रिल २०२२ मध्ये त्याने इराकच्या त्याच हवाई दलाच्या संघाला २-१ असे हरवले आणि चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पण दीड वर्षाने अल-हिलालने त्याला रियाधमध्ये ६-० असे हरवले.

त्या मधल्या गटात आपल्यासोबत जॉर्डनही होता. लोकसंख्या पुन्हा एक कोटीच्या आसपासच. २००५, २००६ आणि २००७ अशी सलग तीन वर्षे एएफसी कप जॉर्डनच्या क्लबांनी जिंकला. आज जॉर्डन आशियाई चषकाचा उपविजेता आहे आणि जून २०२५ मध्ये तो विश्वचषकासाठी पात्र ठरला. आपण एकाच वर्गात बसलो होतो. तो वर्ग ओलांडून पुढे गेला. आपण?

आपण एक पायरी खाली आलो. २०२४ मध्ये महासंघाने पुन्हा तीन पायऱ्यांची रचना केली आणि सर्वात खालच्या पायरीला ‘चॅलेंज लीग’ असे नाव दिले. ईस्ट बंगाल मधल्या पायरीच्या पात्रता सामन्यात कोलकात्यातच तुर्कमेनिस्तानच्या अल्तिन असिरकडून ३-२ असा हरला आणि खाली गेला. मग भूतानच्या थिम्फूत जाऊन त्याने पारो एफसीशी बरोबरी केली, बांगलादेशच्या बसुंधरा किंग्जला ४-० ने आणि लेबनॉनच्या नेजमेहला ३-२ ने हरवले. पुढच्या फेरीत तुर्कमेनिस्तानच्याच अर्कादागने त्याला बाहेर काढले. ज्यांना वीस वर्षांपूर्वी ‘उदयोन्मुख’ म्हटले जात होते, त्यांच्यासोबत आता आपण त्याच बाकावर बसलो आहोत.

यात लाज वाटण्यासारखे काही आहे का? मला तसे वाटत नाही. शिक्षकाला ही गोष्ट लवकर कळते. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. आठवीच्या एका वर्गात मराठी वर्तमानपत्र सहज वाचणारी मुले असतात, शब्द जोडून जोडून वाचणारी असतात आणि जोडाक्षरावर अडून बसणारीही असतात. सगळ्यांसमोर एकच धडा ठेवला तर पहिली मुले कंटाळतात आणि तिसरी मुले मान खाली घालतात. म्हणून स्तराप्रमाणे गट करावे लागतात. बी.एड.ला हे शिकवतात, सरकारी प्रशिक्षणांतही सांगतात. खालच्या गटातल्या मुलाला त्याला जमेल असा उतारा दिला, तो त्याने पूर्ण वाचला की त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्याला जिंकणे म्हणतात. ज्याने एकदाही जिंकलेले नाही, तो शिकायचे थांबतो.

पण गट पाडण्यात एक धोकाही असतो. जूनमध्ये खालच्या गटात बसलेला मुलगा मार्चमध्येही तिथेच बसलेला दिसला, तर ती त्या मुलाला दिलेली शिक्षा होते. गटाला वर जायचे दार हवे. प्रेसिडेंट्स कपचा दोष नेमका हाच होता. चषक जिंकणाऱ्या क्लबला पुढच्या वर्षी आपोआप वर जाता येत नव्हते. देशाचा दर्जा महासंघाने बदलला तरच ते शक्य होते. रेगार-तदाझने तीन चषक जिंकले आणि तरी तो खालीच राहिला. २०१४ मध्ये स्पर्धा बंद झाली आणि त्यानंतर या देशांच्या क्लबांना एएफसी कपची पात्रता फेरी खुली झाली. ताजिकिस्तानला दार त्याआधीच उघडले होते, आणि दार उघडताच तो किती वेगाने धावला ते आपण पाहिले. म्हणजे दोन गोष्टी लागतात: बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यांशी भरपूर सामने आणि वर जाण्याचा रस्ता.

आता अकोल्याकडे वळू. आमच्या मुलांना यातले काय मिळते?

शालेय फुटबॉलची रचना कागदावर उत्तम आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. सुब्रतो कप १९६० पासून चालू आहे, त्याचेही टप्पे असेच. मोठ्या शहरांना स्वतंत्र प्रवेश असतो. पण हे सगळे बाद पद्धतीने चालते. हिशेब करून पाहा. सोळा शाळांचे संघ असतील तर एकूण पंधरा सामने होतात. त्यातले आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. आणखी चार संघ दोन सामने खेळतात. म्हणजे सोळापैकी बारा शाळांच्या मुलांचे वर्षभराचे स्पर्धात्मक फुटबॉल एक किंवा दोन सामन्यांत संपते. लहान वयोगटात सामन्याची वेळही कमी असते. वर्षाला तासभर खेळून कुणी फुटबॉलपटू होत असेल, तर वर्षाला एक धडा वाचून कुणी कवीही होईल.

त्यात वेळ चुकीची. हे सामने येतात जुलै-ऑगस्टमध्ये. आपली काळी माती त्या दिवसांत कशी असते हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. बुटाला किलोभर चिखल चिकटतो, चेंडू उसळत नाही, मुले घसरून पडतात आणि सामन्याचा निकाल पुष्कळदा टॉसवर लागतो. जूनमध्ये शाळा उघडते, महिनाभरात संघ बनवायचा, सराव होतो न होतो तोच सामना येतो आणि संपतो. मग ऑक्टोबर ते फेब्रुवारी, जेव्हा मैदान कोरडे आणि हवा चांगली असते, तेव्हा फुटबॉलचा पत्ताच नसतो. मार्चनंतर ऊन ४५ अंशांकडे निघते आणि प्रश्नच मिटतो.

पहिल्याच सामन्यात हरून आलेल्या मुलांचे वाक्य मला पाठ झाले आहे. “सर, अपना तो हो गया इस साल का.” त्यात दुःख फारसे नसते, सवय असते. मला त्या सवयीची भीती वाटते. हरल्यानंतर पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना असेल तर मुलगा विचार करतो की गोल कसा झाला, आपण कुठे उभे राहायला हवे होते. पुढचा सामना वर्षानंतर असेल तर तो काहीच विचार करत नाही. हरण्यातून शिकायला दुसरा सामना लागतो.

शाळेबाहेर काय आहे? निमंत्रितांच्या मोठ्या स्पर्धा होतात. बाहेरून तगडे संघ येतात, प्रकाशझोत लागतात, गर्दी होते, पाहुण्यांचे सत्कार होतात. स्थानिक संघ पहिल्या-दुसऱ्या फेरीत गारद होतो आणि आपण बाहेरच्यांचे कौतुक करत बसतो. अशा स्पर्धांना माझा विरोध नाही. मोठा खेळ डोळ्यांनी पाहणे हेही शिक्षण आहे. पण पाहून पोट भरत नाही. मोहल्ल्यातली पोरे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून युरोपातले सामने पाहतात, मेस्सी आणि रोनाल्डोवरून भांडतात. त्यांना बार्सिलोनाच्या राखीव खेळाडूंची नावे सांगता येतात. स्वतः शेवटचा पूर्ण सामना कधी खेळलास असे विचारले की गप्प होतात. टर्फ आले आहेत, पण तिथे तासावर पैसे मोजावे लागतात. हातगाडीवाल्याच्या किंवा रिक्षावाल्याच्या मुलाला ते दर आठवड्याला परवडत नाही.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरण्याच्या तोंडावर, राज्यभरात ‘मिशन वन मिलियन’ झाले. दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळायचा, असा संकल्प होता. शाळांना चेंडू वाटले गेले. दिवस छान साजरा झाला. १६ सप्टेंबरला काय करायचे हे मात्र कुणी सांगितले नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा राज्याच्या ‘महादेवा’ योजनेत निवडलेल्या मुलामुलींचे कौतुक झाले. ती मुले खरोखर गुणी असतील, त्यांचे भले होवो. पण निवडण्यासाठी आधी खेळणारे लागतात, आणि खेळणारे चाचणीच्या एका दिवसात तयार होत नाहीत. त्यासाठी वर्षभराचे सामने लागतात.

हे महाराष्ट्रात अशक्य आहे असे म्हणणाऱ्याने कोल्हापूर पाहावे. तिथे पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब असे पेठापेठांचे संघ आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग शाहू स्टेडियमवर होते आणि तिथे हजारो लोक सामना पाहायला येतात. तिथे मोठी कंपनी नाही, फ्रँचायझी नाही. आयएसएलमध्ये कोल्हापूर नाही. पण दरवर्षी लीग आहे आणि संघ एकमेकांशी पुन्हा पुन्हा भिडतात. याच गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. महिंद्रा युनायटेड बंद झाला, पुण्याचे दोन क्लब गेले, पण कोल्हापूरच्या तालमी टिकल्या. पैशावर उभे राहिलेले मालकाचे मन बदलले की पडते. पेठेने धरलेले टिकते.

मग वऱ्हाडात काय करता येईल? मला प्रेसिडेंट्स कपचा साचाच पुरेसा वाटतो. काठमांडूत आठ संघ होते. चार-चारचे दोन गट, गटात साखळी, मग उपान्त्य आणि अंतिम सामना. एकूण पंधरा सामने, सगळे एकाच गावात. आठ संघांची बाद स्पर्धा घेतली तर सात सामने होतात आणि निम्मे संघ एका सामन्यात संपतात. या साच्यात सर्वात दुबळ्या संघालाही तीन सामने मिळतात. पहिला हरला तरी दुसरा आहे, दुसरा हरला तरी तिसरा आहे. आपल्याकडे पाच जिल्ह्यांचे विजेते, अकोला आणि अमरावती या दोन शहरांचे विजेते आणि यजमान जिल्ह्याचा आणखी एक संघ, असे आठ संघ सहज होतात. दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत प्रत्येक जिल्ह्याने सहा-आठ शाळांची किंवा क्लबांची छोटी साखळी घ्यावी, दर रविवारी दोन सामने. तिचे विजेते फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका गावात जमावेत.

खर्च किती? चेंडू, पंचांचे मानधन, जाळ्या, चुना, पाणी, प्रथमोपचार. मुलांची राहण्याची सोय शाळेच्या वर्गखोल्यांत, जेवण गावकऱ्यांकडून. आपल्याकडे इज्तेमा होतात, पालख्या येतात, लग्नाला हजार माणसे जेवतात. शंभर-सव्वाशे मुलांना आठवडाभर जेवू घालणे अकोल्याला किंवा अमरावतीला जड नाही. अमरावती, खामगाव, वाशीम ही गावे तर एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर आहेत. मार्गदर्शकांचीही वाण नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथले पथक आपले देशी खेळ दाखवून आले होते. तिथून शिकून बाहेर पडलेले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक वऱ्हाडभर आहेत. त्यांच्यापैकी कितीतरी जण आज खिचडीचा हिशेब आणि निवडणुकीच्या याद्या सांभाळत आहेत.

भारताच्या सर्वात मोठ्या प्रशिक्षकाची सुरुवात शिक्षक म्हणूनच झाली होती, हे इथे आठवते. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ मध्ये आशियाई सुवर्णपदक जिंकले, १९५६ च्या ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. आणि आज भारताचे प्रशिक्षक खालिद जमील आहेत, महिंद्रा युनायटेडचे जुने खेळाडू. २०१७ मध्ये त्यांनी मिझोरामच्या आयझॉल या छोट्या शहराच्या क्लबला देशाचे विजेतेपद मिळवून दिले होते. मुस्लिम मुलांना सांगण्यासारखी ही नावे आहेत. पण नाव सांगून भागत नाही, त्या नावांच्या मागे मैदान होते हेही सांगावे लागते.

एका गोष्टीची काळजी सुरुवातीपासून घ्यावी लागेल. संघ शाळेचा, पेठेचा, गावाचा असावा, जमातीचा नसावा. मुंबईच्या जुन्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदूंचा संघ, मुस्लिमांचा संघ, पारशांचा संघ असे चालत असे. १९४६ नंतर ते बंद झाले ते बरेच झाले. मे २०२३ मध्ये आपल्या जुन्या शहरात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दगडफेक, जाळपोळ, एकाचा जीव गेला, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. त्यानंतर शांतता समितीच्या बैठका झाल्या, चहा झाला, फोटो निघाले. मला त्या बैठकांपेक्षा मराठी शाळेचा आणि उर्दू शाळेचा दर रविवारी होणारा सामना जास्त उपयोगाचा वाटतो. सामन्यात धक्काबुक्की होईल, शिव्याही ऐकू येतील. पण पुढच्या रविवारी पुन्हा समोरासमोर उभे राहायचे आहे हे दोघांनाही माहीत असेल. समोरच्या संघातल्या सात नंबरच्या मुलाचे नाव माहीत असणे, तो डाव्या पायाने मारतो हे माहीत असणे, ही ओळख छोटी असली तरी अफवेच्या रात्री ती आठवते.

मुलींचे काय, हा प्रश्न आमच्याच समाजातून पहिल्यांदा येईल. मुलींनाही खेळू द्यावे, हे माझे सरळ उत्तर आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ ट्रॅक आणि स्कार्फ घालून खेळता येते. फुटबॉलच्या नियमांनीच २०१४ पासून डोके झाकून खेळायला परवानगी दिली आहे. शाळेच्या भिंतीआड, शिक्षिकांच्या देखरेखीत सुरुवात करता येईल. अडचण कपड्यांची नाही, मुलीला मैदानाची गरज आहे हे मान्य करण्याची आहे.

आणि शेवटी वर जाण्याचे दार. वऱ्हाडच्या चषकाचा विजेता पुढच्या वर्षी कुठे जाणार, हे पहिल्याच वर्षी ठरलेले हवे. राज्य संघटनेने विभागांच्या विजेत्यांची स्पर्धा घ्यावी, कोल्हापूर-नागपूर-मुंबईच्या संघांशी आमच्या विजेत्याला खेळू द्यावे. तिथे तो ६-० ने हरेल, हरू द्या. परत येऊन तो पुन्हा आपल्या साखळीत खेळेल, पुन्हा जाईल आणि ३-० ने हरेल. इस्तिक्लोलला एका चषकापासून अल-हिलालपर्यंत पोहोचायला नऊ वर्षे लागली. आज सहावीत असलेली आमची मुले नऊ वर्षांनी वीस-एकवीस वर्षांची असतील.

त्यांना आधी त्यांच्या बाकावरचा चषक जिंकू द्या. यंदा दिवाळीच्या सुटीनंतर अकोल्यातल्या सहा शाळांनी एवढे ठरवले तरी सुरुवात होते. सहा शाळांच्या साखळीला पंधरा सामने लागतात, म्हणजे दर रविवारी दोन धरले तर आठ रविवार. एक मैदान, दोन चेंडू आणि एक शिट्टी.